वाजवून बघणारे व्याही

देवाने या माणसाला दोन हात दिले ते जेवायला, लिहायला किंवा नमस्कार करायला दिलेले नाहीत, जगातल्या यच्चयावत वस्तू वाजवून बघायला दिलेत, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. भिंत, दार, कलिंगड, गॅसचं सिलिंडर, पाण्याचा टँकर, देवळातली समई, आणि एकदा तर आमच्या दिवाणावर दुपारी आडव्या झालेल्या पाहुण्याची छाती. पाहुणा दचकून उठला तेव्हा यांनी त्याला शांतपणे सांगितलं, "झोपा, झोपा. उजवीकडे थोडा कफ आहे, बाकी ठीक आहे." हा माणूस माझा व्याही आहे, म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलीचा सासरा. मी जळगावात घराच्या मागेच केळीच्या वेफर्सचा छोटा कारखाना चालवते. कढया, तेल, बायकांच्या पाळ्या आणि वीज गेली की जनरेटर, एवढ्यात माझा दिवस जातो, त्यामुळे मला सहसा कशाचा धक्का बसत नाही. आयुष्यात बसलेले जे काही धक्के आहेत ते बहुतेक सगळे या एका गृहस्थांनी दिलेले आहेत.

पहिला धक्का मुलगी बघायला आले तेव्हाचा. व्याही धुळ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सगळं धुळं त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. अमृता पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलगा खाली बघत होता, मुलाची आई अमृताकडे बघत होती, आणि सर आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला कान लावून उभे होते. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवायचं आणि ठक ठक करत पुढे सरकायचं. ते पेर इतक्या वर्षांच्या ठोकाठोकीने दगडासारखं टणक झालेलं आहे. टीव्हीच्या डाव्या अंगाला आल्यावर ते थांबले, वर वाजवलं, खाली वाजवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण ही भिंत खोटी आहे." मी गारच पडले. कारण तिथे पूर्वी भिंतीतलं कपाट होतं. आम्ही ते बुजवलं नव्हतं, नुसतं प्लाय ठोकून वरून रंग दिला होता, आणि हे आमच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. माझे यजमान खोकायला लागले. सरांचं मात्र त्या पोकळीशी काही वैर नव्हतं. उलट ते खूश झाले होते. "आवाज प्लायमधून गेला, मागे हवा लागली, की परत फिरला," ते म्हणाले, "जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो ना, तिथे आवाजाला ठेच लागते. बस, मी तेवढंच ऐकतो." मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या पोहे खात होत्या. "चालायचंच," त्या म्हणाल्या. "मला मागणी घालायला आले तेव्हा यांनी आमचं दार वाजवलं. बाबांनी उघडलं, तर आत यायचं सोडून पुन्हा वाजवत बसले. म्हणे सागवान नाही, वरून पट्टी मारलीय."

लग्न धुळ्यात झालं. सकाळी सर हॉलच्या मधोमध उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि प्रत्येक टाळीनंतर मान तिरकी करून थांबत होते. आमच्याकडच्या मंडळींना वाटलं, वरपित्याला आनंद अनावर झालाय. काहींनी साथही दिली. ते हॉलचा प्रतिध्वनी मोजत होते. मग त्यांनी मंडपवाल्याला बोलावून सगळे कर्णे भिंतीकडून खिडक्यांकडे फिरवून घेतले. परिणाम असा झाला की माझ्या मुलीची मंगलाष्टकं रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याने अक्षर न् अक्षर ऐकली आणि हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. अक्षता कधी टाकायच्या ते लोक एकमेकांच्या हाताकडे बघून ठरवत होते. मी चिडून विचारलं तर सर म्हणाले, "पण घुमलं नाही ना?" हे मात्र खरं होतं. घुमलं अजिबात नाही.

पुढे येणंजाणं वाढलं आणि धक्के रोजचे झाले. माझ्या कारखान्यात आले की आधी तेलाच्या डब्यांच्या रांगेपुढे उभे राहायचे. तळापासून वरवर वाजवत न्यायचं आणि एका जागी बोट थांबवायचं. "इथवर तेल, वर हवा." झाकण उघडावं तर तेल तिथवरच. कामाच्या बायकांना ते इतकं आवडलं की त्या झारा हातात तसाच धरून बघत बसायच्या आणि कढईतले वेफर्स काळे व्हायचे. मी शेवटी सांगितलं, "सर, डबे दुपारी वाजवा, जेवणाच्या सुट्टीत." ते नेमके सुट्टीत यायला लागले. टँकरवाल्याशी त्यांचं वैर होतं, कारण पाणी सोडायच्या आधीच हे टाकी वाजवून "पाऊण आहे, भरलेला नाही" असं जाहीर करायचे. तो टँकरवाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी विचारायचा, "धुळ्याचे पाहुणे आलेत का हो?"

पण खरा हाहाकार झाला तो मेहरूणच्या तलावावर. सकाळी फिरायला जाऊ म्हणाले, म्हणून मी आणि माझे यजमान त्यांना घेऊन गेलो. मी काठाच्या बाकावर बसून कारखान्यात फोन लावत होते. वर बघते तर सर पायरीवर पालथे पडलेले आणि मुंडकं पाण्यात. माझ्या हातून फोन पडला. लोक धावले. एकाने त्यांचा एक पाय धरला, दुसऱ्याने दुसरा. "आबा! असं नका करू आबा! घरी पोरंबाळं असतील तुम्हाला!" एक बाई तर रडायलाच लागली. ओढून काढलं तर सर आनंदाने लालबुंद. केसांतून पाणी गळतंय, चष्मा हातात, आणि मला म्हणतात, "विहीणबाई, एवढे सगळे ओरडत होते ना? मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही! हवेतला आवाज पाण्याला धडकला की जवळजवळ सगळा उलटा फिरतो. आत शिरतच नाही. तेच पाण्यात दोन दगड आपटा, असा कानाशी येतो!" आणि त्यांनी खिशातून खरोखरच दोन दगड काढले. त्या रडणाऱ्या बाईने डोळे पुसले, त्यांच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ताई, यांना एकटं सोडत नका जाऊ." मी त्यांना टॉवेल दिला. त्या दिवशी मला ते निव्वळ येडपट वाटले होते.

मग रेवा झाली. माझी नात, त्यांचीही नात. ती चालायला लागल्यापासून सरांना जोडीदारीण मिळाली. धुळ्याच्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ येतात तिथे ही दोघं तासन्‌तास. सरांनी तिला शास्त्र शिकवलं होतं. माठाला मिठी मारायची, हनुवटी त्याच्या गळ्यावर टेकवायची, डोळे मिटायचे. आजोबा ठोका मारणार, रेवा सांगणार. "चांगला." "चांगला." "फुटका!" एकदाही चुकायची नाही. एका सुट्टीत मी स्वतः हा तमाशा पाहिला. माठवालीचा जीव मेटाकुटीला आलेला. "नाना, बठ्ठा माठ ठोकी टाकात, आते एक तरी ली ल्या!" सगळे ठोकून झाले, आता एक तरी घ्या, असं ती ओरडली. सरांनी तिला सांगितलं, "बाई, या पोरीचे कान बघ. माझ्यावर गेलेत." माठवाली म्हणाली, "कान जाऊ द्या नाना, तुमना हात तिले नका देज्यात."

रेवा साडेचार वर्षांची झाली आणि अमृताचे फोन सुरू झाले. बालवाडीच्या बाई म्हणतात, ही ऐकत नाही. सगळी मुलं गोल करून बसली की ही खिडकीबाहेर बघते. बोलते तेही अर्धवट, शब्दांचे शेवट गिळते. टीव्ही मोठा लावते. पुढच्या वर्गात घालायची की नाही याचा विचार करू, असं बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. अमृता म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. पण त्या घरात आवाजाच्या बाबतीत शेवटचा शब्द सरांचा. ते म्हणाले, "ऐकत नाही आणि ऐकू येत नाही, यात फरक आहे. तिचं लक्ष नसतं, एवढंच. कान मी स्वतः तपासलेत. रोज तपासतो." आता ज्याने अख्खं आयुष्य आवाजावर काढलं त्याच्यापुढे सून काय बोलणार आणि मुलगा काय बोलणार? असे कितीतरी महिने गेले.

सुट्टीत अमृता तिला घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्याच दिवशी दुपारी गल्लीत कुल्फीवाला आला. त्याची घंटा अशी असते की मेलेलं माणूस उठावं. सगळी पोरं चपला न घालता पळाली. रेवा माझ्या ओट्यापाशी पाटावर बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. मी तिच्या मागे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटलं, "रेवा, कुल्फी खायची?" काही नाही. कुल्फीला नाही न म्हणणारी पोर. मी समोर येऊन तेच म्हटलं, तर तिने माझ्या ओठांकडे बघितलं आणि टुणकन उठली.

मी तिथूनच धुळ्याला फोन लावला. "सर, पोरीला ऐकू कमी येतंय."

"विहीणबाई, मी तपासलंय."

"मी पण आत्ताच तपासलंय. कुल्फीने."

"कुल्फी हे काही उपकरण नाही."

"माझ्याकडे तेवढंच होतं," मी म्हटलं. "उद्या मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. तुम्हाला विचारायला फोन नाही केला, सांगायला केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने सर हजर. पिशवी खाली ठेवली नाही, पाणी घेतलं नाही. "बसा सगळे," म्हणाले. आमच्या जेवणाच्या लांब टेबलाच्या एका टोकाला त्यांनी रेवाला बसवलं, दुसऱ्या टोकाला स्वतः. तिने सवयीने हनुवटी टेबलावर टेकवली, डोळे मिटले. सरांनी इतकं हळू वाजवलं की मला मधे उभी असून जेमतेम ऐकू आलं. "दोन," रेवा म्हणाली. पुन्हा वाजवलं. "एक." नखाने नुसतं खरवडलं. "आजोबा, गुदगुल्या!" अमृताने माझ्याकडे पाहिलं. मीही थक्क झाले होते. माझ्या कुल्फीचं काय झालं मला कळेना. सर ताठ बसले होते. "बघितलंत? काय राहिलं आता तपासायचं?"

काही सुचेनासं झालं की मी कामाला लागते. टेबलावर सकाळच्या चहाचे डाग होते. मी ओलं फडकं घेतलं आणि पुसत पुसत रेवापाशी आले. "हनुवटी उचल गं," म्हणत बोटाने तिची हनुवटी वर केली. तिने ती तशीच वर धरली. डोळे मिटलेलेच होते. पलीकडे सरांचं वाजवणं चालूच होतं, ठक, ठक, ठक. मी पुसून घेतलं. रेवा काही बोलली नाही. सरांनी पुन्हा वाजवलं, मघापेक्षा जोरात. रेवा शांत बसली होती, ठोका कधी येतोय याची वाट बघत, तोंडावर हसू. मग सरांनी तळहात टेबलावर आपटला. पेला हलला, मी दचकले, अमृता दचकली. रेवाने डोळे मिटूनच विचारलं, "आजोबा, वाजवा ना?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्या माणसाला पुष्कळ प्रकारे पाहिलं होतं, घाबरलेलं कधी नव्हतं पाहिलं. ते स्वतःशीच पुटपुटल्यासारखं बोलले, "पाणी आहे. आत पाणी आहे." मग अमृताकडे बघून म्हणाले, "कानाच्या पडद्याच्या मागे पाणी साचलंय गं. हवेतून येणारा आवाज बाहेरच्या बाहेर परत फिरतोय. हनुवटी टेकली की ठोका लाकडातून हाडात जातो, हाडातून थेट आतल्या कानात. तिथे पाणी आडवं येत नाही." आणि जरा वेळाने, "मी तिला नेहमी टेकूनच ऐकायला शिकवलं." अमृताने रेवाला उचललं. मी म्हटलं, "सर, चप्पल घाला. डॉक्टरांकडे गर्दी होते."

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने रेवाच्या कानात रबरी टोक असलेली नळी बसवली आणि सांगितलं, यातून आत बारीक आवाज सोडतात आणि किती परत येतो ते मोजतात. पडदा मोकळा असला तर कागदावर डोंगर उमटतो. सर खुर्चीच्या कडेवर बसले होते. पहिल्यांदाच मी पाहिलं की समोर लाकडी टेबल आहे आणि ते त्यांनी वाजवलेलं नाही. कागद बाहेर आला. डोंगर नव्हता. टेकडीही नव्हती. रेघ आमच्याकडच्या केळीच्या शेताच्या बांधासारखी सपाट. दुसऱ्या कानाची तशीच. सरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. डॉक्टर म्हणाली, घाबरू नका, सर्दी मुरली की मुलांना हे होतं, औषधाने नाही गेलं तर बारीकसं छिद्र पाडून पाणी काढून टाकू, बोलणंही सुधारेल. मात्र वेळेवर आणलंत म्हणायचं, आणखी रेंगाळलं असतं तर पुढे जड गेलं असतं. सर म्हणाले, "आयुष्यभर वर्गात हेच शिकवलं. आणि नातीच्या कानात चमचाभर पाणी होतं ते मला दिसलं नाही."

"चमचाभर नाही," मी म्हटलं, "थेंबभर. उगाच वाढवू नका."

औषधाने गेलं नाही. पाणी काढावं लागलं. ते काम जळगावातच झालं आणि आम्ही रिक्षाने घरी निघालो. रेवाने दोन्ही हातांनी कान झाकले. "आजी, ही रिक्षा ओरडते का?" घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजपुढे उभी राहिली. "हा बोलतो," म्हणाली. मी नेहमीसारखी बाहेरून हाक मारली तर बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून मलाच दटावलं, "हळू बोल की." अमृता हसता हसता रडायला लागली. मी कुकर लावला. कुणीतरी लावायलाच हवा होता.

पुढच्या खेपेला सर आले ते वेगळेच. दारातून आले, बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. भिंतीला हात नाही, डब्यांपाशी गेले नाहीत. कामाच्या बायका सुट्टीत वाट बघून परत कढईकडे गेल्या. गल्लीच्या तोंडाशी टँकरवाल्याने विचारलं, पाहुणे आलेत का. मी हो म्हटलं. तो टँकर भरलेला घेऊन आला होता, छाती पुढे काढून उभा राहिला, आणि सर बाहेर आलेच नाहीत. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चहा घेताना सर म्हणाले, "आता माझा माझ्यावर भरवसा नाही विहीणबाई." इतकी वर्षं ज्या ठकठकीला मी वैतागले होते ती थांबल्यावर माझं घर मला दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागलं, याचा मला फारच राग आला.

त्याच संध्याकाळी मी बाजारातून एक माठ आणला आणि तो टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "बघून द्या," म्हटलं.

"नको. मी नाही."

"मग पाणी कशातलं प्यायचं आम्ही?"

त्यांनी हात मांड्यांखालून काढले नाहीत. रेवा पलंगावर चित्र रंगवत होती. ती उठली, मला वाटलं नेहमीसारखी माठाला मिठी मारायला येते आहे. ती उलट्याच दिशेने चालू लागली. दिवाणखान्याच्या त्या टोकाला, पार दारापाशी गेली, आमच्याकडे पाठ केली, हात मागे बांधले आणि ओरडली, "आजोबा, वाजवा! मी इथूनच ऐकते!"

सरांनी उजवा हात बाहेर काढला. पेर वाकवलं. एकच ठोका मारला.

"फुटका!" रेवा म्हणाली.

सरांनी माठ उचलून उजेडाकडे धरला. गळ्याच्या खाली, केसाएवढी, खालपर्यंत गेलेली चीर. "फुटकाच आहे," ते म्हणाले, आणि मग पुन्हा एकदा वाजवून, "बद्द वाजतोय. इतका बद्द की बहिऱ्यालाही... विहीणबाई, तुम्ही हा घेतलात कसा?" एवढं बोलून ते उठले आणि सरळ तेलाच्या डब्यांकडे गेले. मी तिथेच उभी. व्यवहारात मला आजवर कुणी फसवलेलं नाही, आणि माठवालीने भर दिवसा फुटका माठ गळ्यात मारला होता. मी तो परत केला नाही. नळाखाली ठेवलाय, त्यात पुदिना लावलाय, पाणी आपोआप झिरपून जातं म्हणून छान वाढतो.

आता सरांचं येणं कमी झालंय. गुडघे धरतात, एसटीचा प्रवास झेपत नाही. रविवारी सकाळी त्यांचा धुळ्याहून फोन येतो. हॅलो नाही, कशा आहात नाही. नुसतं ठक. ठक. मग लांबून, घराच्या कुठल्यातरी आतल्या खोलीतून रेवाचा आवाज येतो, शब्दांचे शेवट न गिळता, अगदी स्वच्छ, "डबा! अर्धा भरलेला!" कारखान्यात त्या वेळी कढई तापलेली असते, बायका ओरडत असतात, आणि मला खरं तर अजिबात सवड नसते. पण तो आवाज लांबून येतो, टेबलापासून लांबून. तेवढं ऐकायला मी फोन धरून ठेवते.